मजकुराकडून मांडणीकडे



गेल्या पावसाळ्यात पेडण्याच्या बाजारात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या आई भेटल्या. छत्री मिटून त्या दुकानाच्या वळचणीला आल्या आणि क्षेमकुशल विचारण्यापूर्वीच म्हणाल्या, "सर, आता तुम्हीच हिला काही सांगा. मराठी घेऊन बी. ए. झाली. पणजीला वर्तमानपत्रात लागली. मुद्रिते तपासता तपासता उपसंपादक झाली. आम्हांला वाटले, मुलगी मार्गाला लागली. आणि आता ते सारे सोडून घरी संगणकापुढे बसते; म्हणते, मी ग्राफिक डिझाइन करते. चित्रेच काढायची होती तर एवढी वर्षे मराठी कशाला शिकली?"

मी काहीतरी समाधानाचे बोललो आणि वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून जाईना. त्याचे कारण असे की, नोकरी सोडण्यापूर्वी ही मुलगी माझा सल्ला घेण्यास आली होती आणि मीही तिला जवळजवळ हेच म्हणालो होतो. मराठी शिकलेल्या मुलाने शिक्षक व्हावे, पत्रकार व्हावे, नाही तर कचेरीत चिकटावे. याबाहेर पाऊल टाकले की शिकलेले वाया गेले, ही समजूत आमच्या पेडणे-डिचोलीकडे पालकांत जेवढी आहे तेवढीच आम्हां मास्तरांतही आहे. ती कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी आजचे हे भाषण.

प्रथम या धंद्याविषयी दोन शब्द. ग्राफिक डिझाइन म्हणजे चित्रे काढणे नव्हे. चित्र हा त्यातला एक भाग, आणि पुष्कळदा तोही नसतो. मजकूर कागदावर किंवा पडद्यावर अशा रीतीने मांडावयाचा की वाचणाऱ्याला तो विनासायास कळावा, हे त्यातले मूळ काम. मथळा केवढा, उपमथळा कोठे, समास किती सोडावयाचा, दोन ओळींत अंतर किती ठेवावयाचे, कोणत्या वळणाचे अक्षर घ्यावयाचे, हे सर्व त्यात येते. हे निर्णय चांगले झाले तर कोणाच्या लक्षात येत नाहीत. वाईट झाले तर वाचक कंटाळतो आणि दोष लेखकाला देतो.

आता ही मुलगी तिकडे वळली कशी? शाळेत आमच्या वार्षिक अंकाची ती विद्यार्थी-संपादक होती. वर्तमानपत्रात गेल्यावर एका रात्री पाने लावणारा गृहस्थ आजारी पडला आणि हिला त्याच्या जागी बसविण्यात आले. त्या रात्री एक मथळा तिच्यापुढे आला. मजकूर असा: "गणेशोत्सवात रस्ते बंद नाहीत." तो दोन ओळींत असा मोडला गेला होता की वरच्या ओळीत "गणेशोत्सवात रस्ते बंद" आणि खाली, एकटाच, "नाहीत". उभ्याउभ्या वर्तमानपत्र चाळणारा मनुष्य पहिली ओळ वाचणार आणि घरी जाऊन सांगणार की रस्ते बंद! तिने तो मथळा "गणेशोत्सवात" एका ओळीत आणि "रस्ते बंद नाहीत" दुसऱ्या ओळीत असा लावला. ती मला नंतर म्हणाली, "सर, मी एक अक्षरही बदलले नाही, पण बातमी दुरुस्त झाली." संपादनाचे काम कोठे संपते आणि मांडणीचे कोठे सुरू होते, हे या उदाहरणात दाखविता येईल असे मला वाटत नाही.

त्यानंतर ती पाने लावण्यास आपण होऊन बसू लागली. मग गावच्या भजनी मंडळाची पुस्तिका, पुनवेच्या उत्सवाची पत्रिका, कोणाच्या काव्यसंग्रहाचे मुखपृष्ठ. असे करता करता एक दिवस लक्षात आले की पोट त्यावर चालेल.

हा रस्ता वाकडातिकडा खरा. पण तो नवा मुळीच नाही. मराठीत लिहिणारा आणि अक्षराची घडण करणारा यांचे नाते फार जुने आहे आणि त्याची पहिली कथा आमच्या गोव्यातीलच आहे. ती जरा सविस्तर सांगतो.

भारतातील पहिला छापखाना 1556 साली जुन्या गोव्यात आला. त्यानंतर 1579 साली थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट पाद्री येथे उतरला. त्याने इथली भाषा इतकी आत्मसात केली की पुढे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' त्याने मराठीत रचले. 1616 साली ते रायतूर येथे छापून निघाले. मात्र छापले गेले ते रोमी लिपीत. मराठीची थोरवी गाणाऱ्या या कवीला आपले काव्य मराठी अक्षरांत छापता आले नाही. कारण साधे होते. खिळे नव्हते.

स्टीफन्सला याची खंत नव्हती असे नाही. 1608 साली आपल्या संघाच्या रोममधील प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्याने ती बोलून दाखविली आहे. या देशाच्या भाषेत आणि या देशाच्या लिपीत पुस्तके छापलेली पाहावीत अशी आपली पुष्कळ वर्षांची इच्छा आहे. परंतु युरोपात चोवीस साच्यांवर भागते तेथे इकडे सहाशे साचे ओतावे लागतील आणि ते अशक्य दिसते, असा त्याचा आशय. सहाशे हा आकडा त्याने कसा काढला असेल? आपल्या लिपीत अक्षर एकटे येत नाही. त्याला काना, मात्रा, वेलांटी, उकार लागतो. दोन अक्षरे एकमेकांत शिरून जोडाक्षर होते. 'र' तर कधी डोक्यावर चढतो, कधी पायाशी बसतो. हे सारे संयोग मोजावे तेव्हा कोठे खिळ्यांची पेटी पुरी होते. म्हणजे हा कवी काव्य रचीत असताना लिपीचे गणितही करीत होता. मांडणीकाराच्या धंद्यातला पहिला हिशेब, माझ्या मते, तोच.

1619 साली स्टीफन्स निवर्तला. ग्रंथाच्या 1649 आणि 1654 या आवृत्त्याही रोमी लिपीतच निघाल्या. पुढे 1907 साली मंगळूरला निघालेली आवृत्तीही तशीच. देवनागरीत छापलेले 'ख्रिस्तपुराण' वाचकांच्या हाती पडले ते 1956 साली, शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून ते प्रसिद्ध केले तेव्हा. मध्ये तीनशे चाळीस वर्षे गेली. आमच्या घरी लहानपणी मी प्रथम पाहिली ती रोमी प्रत. ओवी कानाला मराठी लागे आणि डोळ्यांना परकी दिसे. देवनागरी प्रत हाती आली तेव्हा मी कॉलेजात होतो. तेच शब्द, परंतु वाचता वाचता आवाज आपोआप मोठा झाला, असे आठवते.

हा इतिहास आपणांस माहीत झाला तोही एका लिहित्या माणसामुळेच. अनंत काकबा प्रियोळकर हे फोंडे महालातील प्रियोळचे. 1895 सालचा त्यांचा जन्म. व्यासंगाने ते जुन्या ग्रंथांचे संपादक आणि पाठभेदांचे अभ्यासक. परंतु जुनी पोथी छापली कशी गेली, हे पाहता पाहता ते छापण्याच्या विद्येकडेच वळले आणि 1958 साली भारतातील छापखान्याचा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केला. मजकुरातून निघून खिळ्यांपर्यंत पोचणारे असे विद्वान आपल्याकडे झाले आहेत.

मराठी खिळ्यांची पुढील कथा मुंबईत घडली, ती थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी यांनी हा धंदा नावारूपाला आणला. जावजींच्या निर्णयसागरासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांचे वळण पुढे कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत बसले. अक्षर आणि त्यावरची मात्रा वेगवेगळ्या खिळ्यांनी जुळविण्याची एक पद्धत होती, तिला डिग्री म्हणत. मात्रेसकट सबंध अक्षर एकाच खिळ्यावर असे तेथे ते अखंड. अखंडात अक्षर देखणे येई, पण खिळे फार लागत. स्टीफन्सचे सहाशे आठवावे!

आता पुन्हा गोव्याकडे. गोव्यात जन्मून मुंबईत नाव काढलेले दोन चित्रकार साऱ्या महाराष्ट्राच्या घरोघरी पोचले. दीनानाथ दलाल (1916–1971) हे एक आणि रघुवीर मुळगावकर (1918–1976) हे दुसरे. मुळगाव हे आमच्या डिचोली तालुक्यातले गाव. त्या आडनावाची पाळेमुळे तेथली. दलालांची मुखपृष्ठे आणि मुळगावकरांची कॅलेंडरांवरील देवादिकांची चित्रे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु दोघेही नुसते चित्रे देऊन थांबले नाहीत, हे मात्र आपण विसरतो. दलालांनी 1945 साली 'दीपावली' हा स्वतःचा वार्षिक अंक काढला. मुळगावकरांनीही 'रत्नदीप'सारखे अंक चालविले. कथा कोणती घ्यावी, तिला चित्र कोणते द्यावे, कविता पानावर कोठे बसवावी, हे सारे एकाच घरात ठरू लागले. माझ्या विद्यार्थिनीचा रस्ता संपादनाकडून मांडणीकडे गेला. यांचा चित्राकडून संपादनाकडे आला. दिवाळी अंक ही मराठीची खास चीज. तिचे रूप ठरविण्यात या दोन गोमंतकीयांचा वाटा मोठा आहे आणि तो चित्रकार व संपादक या दोन्ही नात्यांनी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र माझ्या प्रश्नाच्या अगदी जवळ येतात ते दुसरे दोघे. दोघेही कवी. अरुण कोलटकर (1931–2004) यांचे 'जेजुरी' आणि 'भिजकी वही' हे संग्रह वाचकांस परिचित आहेत. पण त्यांची उपजीविका वर्षानुवर्षे जाहिरातींच्या दृश्यरचनेवर चालली आणि त्या क्षेत्रात ते फार मानले जात, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यांचा पहिला मराठी संग्रह 1977 साली प्रास प्रकाशनाने काढला. प्रासचे अशोक शहाणे हे 'असो' या अनियतकालिकाचे संपादक आणि तिखट लिहिणारे टीकाकार. कवी रचनाकार आणि संपादक प्रकाशक, अशी ही जोडी होती.

दुसरे रघुनाथ कृष्ण जोशी (1936–2008), म्हणजेच र. कृ. जोशी. हेही कवी, साठोत्तरी काळातल्या लघुअनियतकालिकांच्या वातावरणात वावरलेले. जे. जे. मध्ये कलाशिक्षण, मग जाहिरातसंस्थांतील पुष्कळ वर्षे, मग पवईच्या आय. आय. टी. मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन आणि शेवटी संगणकासाठी भारतीय लिप्यांची अक्षरे घडविणे, असा त्यांचा प्रवास. विंडोज प्रणालीबरोबर येणारे 'मंगल' हे देवनागरी अक्षर त्यांच्या हातचे. गेल्या पंचवीस वर्षांत सरकारी कचेरीतले पत्र असो, शाळेचा दाखला असो, कोट्यवधी लोकांनी ते अक्षर पाहिले. घडविणारा कवी होता हे कोणाला ठाऊक नाही. 'मंगल' काही फार देखणे अक्षर आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या काळच्या बारीक, खरबरीत पडद्यावर जोडाक्षर न फुटता दिसावे, ही अडचण सोडविणे हे काम त्याने केले. कवितेत शब्दाचे दृश्यरूप न्याहाळण्याची सवय असलेल्या माणसाच्या हातून ते व्हावे, यात मला नवल वाटत नाही.

येथे कोणी म्हणेल की ही मोठ्यांची उदाहरणे झाली. खेड्यातल्या मुलीला त्यांचा काय उपयोग? म्हणून आजच्या स्थितीकडे वळतो.

खिळे गेले, संगणक आला. खरे पाहता स्टीफन्सची अडचण आता उरू नये. तरीही पेडण्याहून पणजीकडे जाताना रस्त्यावरच्या पाट्या वाचा. 'शक्ती'तला 'क' पाय मोडून उभा आहे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यावयाची ती मागाहून आली आहे. 'विद्यार्थी'वरचा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला आहे. हे होते कसे? जुन्या पद्धतीचे कित्येक मराठी फाँट आपापल्या सांकेतिक क्रमाने चालत. एकात टंकलेले दुसऱ्यात नेले की त्याचा चिखल होई. युनिकोडने प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक दिला आणि तो गोंधळ पुष्कळसा मिटला. परंतु अक्षरे एकमेकांत नीट जुळवून दाखविण्याचे काम शेवटी त्या त्या संगणकप्रणालीने करावयाचे असते, आणि चित्रे व पाट्या रचण्याच्या कित्येक प्रणालींत त्यासाठी वेगळी योजना करावी लागते. ती केली नाही की अक्षर मोडते. पाटी करणाऱ्याला मराठी वाचण्याची सवय नसेल तर ते मोडलेले त्याला दिसतच नाही. त्याच्या लेखी ती एक नक्षी असते.

आणखी एक उदाहरण. रोमी लिपीत मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरे एकमेकांपासून दूर सारतात. तीच युक्ती देवनागरीला लावली की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. रोमी मजकुराला पुरणारे ओळींमधले अंतर आपल्याला पुरत नाही. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा यांची टक्कर होते. हे नियम कोठे फळ्यावर लिहिलेले नसतात. वर्षानुवर्षे मुद्रिते तपासलेल्या माणसाच्या डोळ्यांत ते बसलेले असतात.

गावच्या भजनाच्या पुस्तिकेचे काम या मुलीकडे आले, तेव्हा आधीची छापील प्रत तिने मला दाखविली. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड येऊन थांबतो. म्हणणारा तेथे श्वास घेतो. त्या प्रतीत जागा वाचविण्यासाठी ओव्या गद्यासारख्या सलग लावल्या होत्या. म्हणणाऱ्या वृद्धांची त्यामुळे पंचाईत होई, आणि दोष डोळ्यांना किंवा चष्म्याला दिला जाई. हिने चरण मोकळे केले, अक्षर दोन अंशांनी मोठे घेतले, पाने आठ वाढली. मंडळाने वाढत्या खर्चाबद्दल कुरकुर केली. मग म्हणून पाहिले आणि पैसे दिले. ओवी म्हणजे काय, हे तिला कोणत्याही कलाशाळेत शिकविले गेले नव्हते. ते ती मराठीच्या वर्गात शिकली होती. आपण शिकविलेले कोठे उगवेल हे मास्तराला कळत नाही, हेच खरे.

आता ज्यांना या वाटेने जावयाचे आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. सरळ रस्ता उपलब्ध आहे. पणजीच्या आल्तिन्यावर गोवा कला महाविद्यालय 1972 पासून चालू आहे आणि उपयोजित कलेचे पदवीशिक्षण तेथे मिळते. मुंबईच्या जे. जे. मध्ये हे शिक्षण 1935 सालापासून आहे. तेव्हा त्याला व्यापारी कला म्हणत. पवईचे औद्योगिक अभिकल्प केंद्र 1969 सालचे. बारावीतच ज्याचा कल ठरला आहे त्याने याच मार्गाने जावे. चित्राचा, रंगाचा आणि आकाराचा जो पाया तेथे घातला जातो तो घरी बसून सहसा पडत नाही. माझ्या विद्यार्थिनीलाही ती उणीव जाणवते. रंगांच्या बाबतीत ती अजून चाचपडते आणि चित्राची गरज पडली की दुसऱ्याकडे जाते. पहिली दोन वर्षे मिळकत वर्तमानपत्राच्या पगाराहून कमी होती, हेही लपविण्यात अर्थ नाही. कामाचे पैसे वेळेवर न देणारी गिऱ्हाइके भेटली. एकाने तर पत्रिका घेतली आणि "दोन ओळी लिहिण्याचे कसले पैसे?" असे विचारले. दोन ओळी कोठे मोडाव्यात याचेच पैसे असतात, हे त्याला कोण सांगणार!

परंतु जे आधी मजकुराकडे वळले आणि मग मांडणीकडे, त्यांनी आपली मधली वर्षे फुकट गेली असे मानू नये. लेख कापावयाचा तर कोठे कापावा, हे त्यांना कळते. गिऱ्हाईक चुकीचा मजकूर घेऊन आले तर छापण्यापूर्वीच ते थांबवितात. आणि मराठीत तरी आज अशी माणसे फार थोडी आहेत. आमच्या भागात मराठी शाळांचे वर्ग रोडावत चालले आहेत. उद्या मराठी वाचू शकणारे मांडणीकारच उरले नाहीत, तर आपली पुस्तके, पाट्या, औषधांच्या सूचना कोण रचणार? ज्यांना आपली लिपी नक्षीसारखी दिसते, तेच.

हे सारे मी त्या आईंना सांगितले का? सांगितले, मात्र पेडण्याच्या बाजारात नव्हे, त्यांच्या घरी जाऊन. मुलगीही तेथेच होती. नोकरी सोडू नकोस असा सल्ला मी दिला होता तो चुकला, हेही दोघींसमक्ष कबूल केले. आई म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर असेल, सर." त्यांचे पुरते समाधान झाले असे मला वाटले नाही. त्यांनी चहा केला. मुलगी मात्र मान खाली घालून हसत होती.

यंदा आमच्या शाळेच्या वार्षिकाची मांडणी तिने पत्करली आहे. परवा मुद्रिते आली. त्यांतील माझ्याच लेखातले एक लांबलचक वाक्य तिने तांबड्या शाईने खोडले आहे. ते पानात मावत नव्हते म्हणून खोडले की मुळातच नको होते म्हणून, हे मी तिला अजून विचारलेले नाही.